भार पायांवर की दमावर? नव्या सायकलस्वारांसाठी केडन्सची ओळख

नेहमीच्या सपाट रस्त्याला लागा. पाच-दहा मिनिटं आरामात चालवून अंग गरम होऊ द्या आणि मग उजव्या गुडघ्याकडे लक्ष द्या. गुडघा वर आला की एक, पुन्हा वर आला की दोन, असं १५ सेकंद मोजा. घड्याळ सुरू करताना गुडघा वरच असेल तर तो शून्य धरा, नाहीतर एक फेरा जास्त मोजला जातो. आलेल्या आकड्याला चारने गुणलं की झाला तुमचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलचे किती फेरे होतात तो आकडा. १४ आले तर ५६, १८ आले तर ७२, २२ आले तर ८८. सेन्सर नको, ॲप नको. चार-पाच वेळा मोजून मनातल्या मनात सरासरी काढली की पुरे.

आमच्या पुण्यातल्या सकाळच्या ग्रुपमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच करायला सांगतो. बहुतेकांचा आकडा ५० ते ६५ च्या दरम्यान येतो. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. आपल्यापैकी बरेच जण ज्या काळ्या सायकलवर शिकले, तिला गिअर नव्हते. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असले तर पॅडलच्या एका फेऱ्यात ती सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. ताशी १५ किलोमीटरने शाळेत जायचं तर मिनिटाला ४६ फेरे पुरतात. पायांना तीच लय अंगवळणी पडलेली असते. नंतर २१ किंवा २४ गिअरची सायकल घरी आली, तरी पाय जुनीच लय शोधतात, आणि ती मिळावी म्हणून आपण नकळत जड गिअर घालून बसतो.

आधी थोडा हिशेब

सायकल पुढे नेण्यासाठी लागणारी शक्ती दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते: पॅडलवर किती जोर दिला आणि तो मिनिटाला किती वेळा दिला. वेग, रस्ता आणि वारा तेच असतील तर गुणाकार बदलत नाही, फक्त त्याची वाटणी बदलते. फेरे वाढवले तर प्रत्येक फेऱ्यातला जोर कमी होतो, फेरे कमी केले तर जोर वाढतो.

उदाहरणार्थ १५० वॅट घ्या. सपाट रस्त्यावर जरा जोमाने चालवणारा नवा माणूस इतकी शक्ती लावतो. क्रँक, म्हणजे पॅडल जोडलेला दांडा, १७० मिलिमीटरचा असेल तर ६० केडन्सला पॅडलवर सरासरी १४ किलो वजनाइतका जोर सतत द्यावा लागतो. तेच काम ९० केडन्सने केलं तर साडेनऊ किलो पुरतात. ही झाली सरासरी. पाय खाली दाबताना मधल्या टप्प्यात लागणारा जोर याच्या कितीतरी वर जातो, आणि तो झटका मांडीचे स्नायू आणि गुडघ्याची वाटी सोसत असतात.

मग सरळ ९० नेच का चालवू नये? कारण पायांनाही वजन आहे. ७० किलोच्या माणसाचा एक पाय साधारण ११ किलोचा असतो. तो मिनिटाला ९० वेळा वर उचलायचा, थांबवायचा आणि पुन्हा खाली न्यायचा, याला शक्ती लागते. ती चाकापर्यंत पोचत नाही, तरी त्यासाठीचा ऑक्सिजन शरीराला पुरवावाच लागतो. म्हणून त्याच वेगाला केडन्स वाढवला की नाडी चढते आणि श्वास जोरात चालतो.

या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. केडन्स हा भार इकडून तिकडे सरकवायचा खटका आहे. फेरे कमी केले की भार पायांवर येतो, वाढवले की हृदय आणि फुप्फुसांवर, म्हणजे आपल्या भाषेत दमावर. चालवताना पाय आणि दम यांपैकी आधी कोण कुरकुरतंय, एवढं ओळखता आलं की केडन्स कुठल्या दिशेला सरकवायचा ते लगेच कळतं.

स्नायूंच्या आत काय चालतं

मांडीच्या स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू कमी जोराचे, पण चिवट. ऑक्सिजन मिळत राहिला तर ते तासन्‌तास काम करतात. जलद तंतूंची ताकद मोठी, पण ते लवकर थकतात आणि साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, भराभर संपवतात. शरीर आधी संथ तंतूंना कामाला लावतं आणि जोराची मागणी वाढली की जलद तंतूंना बोलावतं.

इथे फेऱ्यांच्या संख्येपेक्षा प्रत्येक दाबातला जोर जास्त महत्त्वाचा ठरतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलस्वारांना ५० आणि १०० अशा दोन केडन्सने अर्धा-अर्धा तास चालवायला लावलं. दोन्ही वेळी ऑक्सिजनची मागणी सारखी ठेवली होती, कमाल क्षमतेच्या ८५ टक्के. आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. ५० केडन्सला जलद तंतूंमधलं ग्लायकोजेन जास्त संपलेलं दिसलं. दमावरचा ताण सारखा असूनही पायांना किंमत वेगळी मोजावी लागली होती.

जड गिअरवर दोन तास चालवल्यावर घरचा जिना चढताना मांड्या का थरथरतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. स्नायू घट्ट आवळला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तेवढ्या वेळापुरता रक्ताचा ओघ अडतो. स्नायू सैल सोडला की रक्त परत आत येतं. ६० केडन्सला एक फेरा पूर्ण एक सेकंदाचा, म्हणजे पाय खाली दाबण्याचा टप्पा अर्ध्या सेकंदाचा. ९० ला तोच टप्पा एक तृतीयांश सेकंदाचा होतो आणि आवळणंही कमी जोराचं असतं. शिवाय स्नायू आवळताना शिरांमधलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. पिचकारी दाबल्यासारखं. दाब हलका आणि वारंवार असला की ही पिचकारी जास्त वेळा चालते. १९९६ च्या एका अभ्यासात २०० वॅट कायम ठेवून ७०, ९० आणि ११० केडन्सची तुलना केली होती. केडन्स वाढत गेला तसं हृदयातून मिनिटाला बाहेर पडणारं रक्त वाढलं आणि रक्तवाहिन्यांचा एकूण अडथळा कमी झाला. मांड्यांची आग कमी होते ती अशी. मात्र त्यासाठी हृदयाला जास्त काम करावं लागतं, हेही त्याच आकड्यांतून दिसतं.

९० चा आग्रह कुठून आला

नव्या माणसाला कुणीतरी सांगतंच, ‘केडन्स ९० पाहिजे.’ हा आकडा चुकीचा नाही, पण तो सगळ्यांचा नाही.

अनुभवी शर्यतपटू स्वतःच्या मर्जीने चालवतात तेव्हा सपाटीवर ८५ ते ९५ च्या आसपास असतात. बेल्जियमचा नामांकित शर्यतपटू एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीला एका तासात ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला. सायकल एकाच गिअरची होती, पुढे ५२ आणि मागे १४ दाते. हिशेब केला तर तासभर मिनिटाला १०४ च्या जवळपास फेरे पडतात. पण त्या पायांतून निघणारी शक्ती तुमच्या-माझ्या दुपटीहून जास्त होती, आणि सगळी मेख तिथेच आहे. कमीत कमी ऑक्सिजनमध्ये काम उरकणारा केडन्स शक्तीप्रमाणे बदलतो. १०० वॅटला तो साधारण ५० च्या आसपास असतो, ३०० वॅटला ८० च्या आसपास. इतकी शक्ती लावणाऱ्याने ६० ने चालवायचं म्हटलं तर प्रत्येक फेऱ्याचा जोर त्याच्या मांड्यांना परवडणार नाही. आपण १०० वॅटने चालवत असताना ९० चा हट्ट धरला तर मांड्या रिकाम्या फिरतात आणि दम मात्र खर्च होतो.

मग नवशिक्याने ५० नेच चालवावं का? माझं मत, नाही. निव्वळ ऑक्सिजनचा हिशेब धरला तर कमी केडन्स स्वस्त पडतो, पण गुडघे आणि मांड्या तो हिशेब पाळत नाहीत. सपाटीवर ७० ते ८५ हा पट्टा बहुतेक नव्या लोकांना मानवतो. दमावर थोडा जास्त भार येतो, त्या बदल्यात पाय दुसऱ्या दिवशीही चालवण्याजोगे राहतात. सुरुवातीची दोन वर्षं मी जड गिअरवरच काढली. वेग दिसायचा, बरं वाटायचं. मग उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागलं आणि दीड महिना सायकल भिंतीला टेकून राहिली. त्या दीड महिन्यात मी हे सगळं वाचून काढलं.

आधी सीट, मग केडन्स

सीट खाली असताना केडन्स वाढवायला जाऊ नका. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे. त्यामुळे गुडघा फार दुमडतो, आणि दर मिनिटाला ८० वेळा दुमडला तर दुखणारच.

भिंतीला हात टेकून सीटवर बसा. एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. आता टाचेऐवजी चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा हलका वाक येतो. सीट यापेक्षा वर गेली तर कंबर डावी-उजवीकडे डुलते. मागून चालणाऱ्याला ते लगेच दिसतं, त्याला बघायला सांगा.

थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय टेकायचा, ही सवय आठवड्याभरात होते.

तुमचा आकडा शोधण्याची चाचणी

ही चाचणी मला फार आवडते, कारण तिचं उत्तर दुसऱ्या कुणाचं नसतं. साधारण पावणेदोन किलोमीटरचा, सिग्नल नसलेला सपाट रस्ता शोधा. सकाळी सहाच्या सुमाराला वारा पडलेला असतो. वेग तोच ठेवायचा, ताशी २० किलोमीटर, आणि फक्त गिअर बदलायचा. ७०० आकाराचं चाक आणि पुढे ३८ दात्यांचं चक्र असेल, तर मागे १५ दात्यांवर केडन्स ६३ च्या जवळ येतो, १८ दात्यांवर ७५ आणि २१ दात्यांवर ८८. तुमच्या सायकलवर दाते किती आहेत ते एकदा बोट ठेवून मोजा. चक्रावर बऱ्याचदा कोरलेलेही असतात. ताशी २० जड जात असेल तर १६ धरा आणि गुडघा मोजून तेच तीन टप्पे साधा.

प्रत्येक गिअरवर पाच मिनिटं. मध्ये दोन मिनिटं अगदी हलकं. पाचव्या मिनिटाला तीन गोष्टी बघायच्या. पहिली नाडी. छातीचा पट्टा किंवा मनगटी घड्याळ असेल तर त्यावर, नसेल तर थांबून गळ्यावर बोट ठेवून १५ सेकंद मोजायची. दुसरी बोलणं. एक पूर्ण वाक्य न तुटता म्हणता येतं का? तिसरी मांड्या. शून्य ते दहामध्ये किती भरून आल्यात? थांबल्या थांबल्या वहीत लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की आठवणीत सगळं सारखंच वाटायला लागतं.

एक खबरदारी. ऊन आणि घामामुळे वेळ जाईल तशी नाडी आपोआप वर सरकते. त्यामुळे शेवटी केलेला गिअर विनाकारण अवघड वाटतो. चार दिवसांनी हीच चाचणी उलट्या क्रमाने करा आणि दोन्हींची सरासरी घ्या.

माझ्या बाबतीत ६० आणि ७५ ला नाडीत फारसा फरक पडत नाही, पण मांड्यांमध्ये स्पष्ट पडतो. ९० च्या पुढे गेलो की नाडी आठ-दहा ठोक्यांनी चढते आणि मांड्यांना त्याचा वेगळा फायदा जाणवत नाही. म्हणजे आरामाच्या वेगाला माझी जागा ७५ ते ८० आहे. तुमच्या वहीत असाच एक टप्पा सापडेल, जिथे पाय आणि दम दोघेही गप्प असतात.

बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, तर ती नाडी दाबून ठेवते. तिथे नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, बोलण्याची कसोटी लावा. छातीत आवळलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर चाचणी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जा.

केडन्स वाढवायचा कसा

पहिला आठवडा फक्त मोजा, काही बदलू नका. दुसऱ्या आठवड्यापासून सपाटीवर मागचं एक चक्र मोठं घ्या, म्हणजे गिअर एका पायरीने हलका होईल, आणि केडन्स पाचने वाढू द्या. सुरुवातीला वाटेल की पायांना काही लागतच नाहीये, चेन सुटल्यासारखं. दहा-बारा दिवसांत ते वाटणं जातं. मग आणखी पाच.

आठवड्यातून दोनदा हा छोटा सराव करा. हलक्या गिअरवर अर्ध्या मिनिटात हळूहळू फेरे वाढवत न्या. एक क्षण येतो जेव्हा बूड सीटवर उसळायला लागतं. तिथून थोडं खाली या, दहा सेकंद टिकवा, मग सैल सोडा. असं पाच वेळा. उसळतं ते पायांच्या वेगामुळे नाही. पाय खालच्या टोकाला पोचला तरी आपण दाबतच राहतो, आणि त्या दाबाने अंग वर फेकलं जातं. खाली पोचायच्या जरा आधी जोर सोडायचा, आणि वर येणाऱ्या पायाने समोरच्या पायावर ओझं टाकायचं नाही. पाय वर ओढण्याचा मुद्दाम प्रयत्न करू नका. त्याने काम सोपं होत नाही, उलट जास्त ऑक्सिजन लागतो.

या सरावात खांदे वर चढतात आणि मुठी आवळल्या जातात. तसं झालं की श्वासही आखूड होतो. कोपर वाकवा, हँडलवर बोटं सैल ठेवा.

लय जमण्यासाठी फोनवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप, उपयोगी पडतो, पण तो घरात, स्टँडवर लावलेल्या सायकलवर. रस्त्यावर कानात काहीही घालायचं नाही.

घाट

घाटात सगळेच कमी केडन्सने चढतात. स्पेनमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये मोठ्या शर्यतींमधल्या व्यावसायिक स्वारांचे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा सपाटीवर ९० च्या आसपास असणारे हेच लोक मोठ्या चढांवर ७० च्या आसपास दिसले. तेव्हा घाटात ६० ते ७० जमलं तर अगदी छान आहे. ५० च्या खाली जायला लागलात तर मात्र गिअर संपलेत, किंवा शिल्लक असून तुम्ही वापरत नाही.

माझी वहिनी सत्तेचाळिसाव्या वर्षी सायकल चालवायला लागली. बोपदेव घाटात दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिच्या बाजूने चालवत होतो. मागचं सर्वांत मोठं, ३२ दात्यांचं चक्र लागलेलं, पण पुढे मधल्या ३८ वरच. पॅडल वरच्या टोकाला आलं की सायकल क्षणभर थांबल्यासारखी व्हायची, पुढचं चाक डावीकडे वळायचं, मग सगळं अंग पॅडलवर टाकून पुढचा फेरा. १५ सेकंदांत मी ११ मोजले, म्हणजे ४४.

“वहिनी, पुढचं छोटं चक्र घ्या ना.”

“अहो भाऊजी, ते शेवटचं आहे. ते आत्ताच संपवलं तर वर काय करू?”

हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. हलका गिअर राखून ठेवला की तो पुढे कामाला येईल, असं वाटतं. पण राखायच्या असतात मांड्या. जलद तंतूंमधली साखर घाटाच्या पहिल्या वळणावर संपवली तर वर गेल्यावर हलक्या गिअरनेही ती परत येत नाही. तिने २८ दात्यांचं चक्र घेतलं. वेग तोच राहिला, ताशी साडेसहाच्या आसपास, पण आता १५ सेकंदांत १५ फेरे पडायला लागले. ४४ चे ६० झाले. प्रत्येक फेऱ्याचा जोर पावपटीहून अधिक कमी झाला आणि हँडल सरळ राहिलं. धाप जास्त लागत होती, हे तिने वर पोचल्यावर सांगितलं. भार पायांवरून दमावर सरकला होता.

गिअर चढ लागायच्या आधी बदला. मोठ्या जोराखाली चेन चक्रावरून सरकत नाही, कडकड करते, कधी निसटते. चढावरच बदलायची वेळ आली तर अर्धा फेरा पाय हलके करा, बदला, मग पुन्हा जोर लावा. पुढचं चक्र बदलताना तर हे पाळाच. पुढचं मोठं आणि मागचं सगळ्यांत मोठं, अशी जोडी टाळा, चेन तिरकी होऊन घासते.

उभं राहून चढणं वाईट नाही. केडन्स खाली जातो, अंगाचं वजन पॅडलवर येतं, पाठ मोकळी होते. पण हात आणि खांदेही कामाला लागल्याने नाडी चढते. वीस-तीस फेरे उभ्याने मारा आणि खाली बसा.

माथ्यावर पोचल्या पोचल्या सायकल टाकून उभे राहू नका. मांड्यांमधल्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात. पाय थांबले की मघाची पिचकारी बंद पडते, रक्त खाली साठतं आणि चक्कर येऊ शकते. दोन-तीन मिनिटं हलक्या गिअरवर फिरवत राहा, मग पाणी प्या, मग फोटो.

समोरचा वारा हाही न दिसणारा चढच आहे. तिथे वेगाकडे बघू नका. गिअर हलका करा आणि केडन्स सांभाळा.

लांबच्या फेरीचा हिशेब

पुढे २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांबच्या फेरीचा, विचार असेल, तर वेळ साडेतेरा तास असतो. त्यात दहा तास प्रत्यक्ष पॅडल मारलं असं धरू. ८० केडन्सने ४८ हजार फेरे होतात, ६० ने ३६ हजार. कमी फेरे बघून मोह होतो, पण त्या ३६ हजारांतला प्रत्येक फेरा एक तृतीयांशाने जड असतो. दीडशे किलोमीटरनंतर गुडघे त्या जादा जोराची आठवण करून देतात. लांबच्या फेरीत मी दम थोडा खर्च करतो आणि पाय राखतो, कारण दम पाच मिनिटांच्या चहात परत येतो. मांडीतली साखर भरायला पोटभर जेवण आणि एक रात्र लागते.

उन्हाळ्यात मात्र हा हिशेब थोडा बदलतो. शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडेही रक्त जात असतं, त्यामुळे नाडी आधीच वर असते. एप्रिल-मेमध्ये मी सपाटीवरचा केडन्स पाचने कमी करतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेगही कमी करतो.

जिममधली सायकल

स्पिन बाइकला जड चाक असतं आणि बऱ्याचदा पॅडल त्याला थेट जोडलेलं असतं. चाकाने वेग घेतला की तेच पाय फिरवत राहतं. पडद्यावर ११० दिसतं, पण त्यातलं तुमचं काम किती, हे सांगता येत नाही. विरोध इतका ठेवा की पॅडल पायाला लागल्याचं जाणवेल. तसं करून ८० आलं तर ते हवेत फिरवलेल्या ११० पेक्षा उपयोगाचं आहे. अशा सायकलवर पाय एकदम थांबवू नका, चाक गुडघ्याला झटका देतं. आधी विरोध वाढवून वेग उतरवा.

दोन महिन्यांनी

तीच चाचणी पुन्हा करा. तोच रस्ता, तेच तीन गिअर, ताशी तेच २० किलोमीटर. सीट मध्ये हलवली असेल तर तेही लिहून ठेवा. वहिनीच्या वहीत जानेवारीतल्या पानावर ८८ च्या रकान्यात ‘वाक्य तुटतं, मांड्या २’ असं आहे आणि ६३ च्या रकान्यात ‘वाक्य पूर्ण, मांड्या ६’. मार्चच्या पानावर ८८ समोर ‘वाक्य पूर्ण, मांड्या २’ लिहिलंय. ६३ समोर मांड्यांचा आकडा अजून ५ आहे. सध्या ती सपाटीवर ८० ने चालवते, आणि बोपदेवला २८ चं चक्र पहिल्या वळणाआधीच घेते.